दहावा चिंचोका

आज भाच्यासोबत 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळलो. २० पैकी १७ लाइफ शिल्लक, तरी हरलो! कारण पॉयझन काउंटर, म्हणजे खेळाडूला चढलेलं विष मोजायच्या सोंगट्या. १९९४ पासून खेळात आहेत. १० झाले की खेळ खल्लास, लाइफ कितीही असो. बरं, लाइफ वाढवता तरी येतं. हे विष उतरवणारं कार्ड क्वचितच सापडतं.

काउंटर म्हणून आईच्या डब्यातले चिंचोके घेतले होते. माझे नऊ झाले, पण माझ्याकडे हल्ला अडवणारे भक्कम ब्लॉकर होते, म्हणून मी निवांत चहा ओतत होतो. पठ्ठ्याने हल्ला केलाच नाही. नुसतं 'प्रॉलिफरेट' म्हणाला (ज्याच्याकडे आधीच काउंटर आहेत, त्याला आणखी एक) आणि दहावा चिंचोका अलगद माझ्या बशीत ठेवला.

"मामा, चहा गार होतोय."