तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा इंजिनाला एवढा वेळ?

रिमोटवर उडणारे माझे छोटे जेट विमान जमिनीवर ठेवून मी हातातल्या ट्रान्समीटरवरून इंजिन सुरू करण्याची आज्ञा देतो, आतून बारीक शीळ ऐकू येऊ लागते, आणि विमान मात्र बराच वेळ जागचे हलत नाही. अशा वेळी पुण्याबाहेरच्या त्या माळावर रविवारी सकाळी सहज बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतेच, "अहो, एवढंसं इंजिन, त्याला सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो?"

माझे टर्बाइन, म्हणजे विमानातले हे जेट इंजिन, पाण्याच्या लिटरभर बाटलीएवढे आहे, त्याचा रेटा सुमारे १०० न्यूटन, म्हणजे दहा किलो वजन उचलून धरण्याइतका आहे, आणि ते सुरू व्हायला चाळीसएक सेकंद लागतात. हा वेळ कशात जातो हे ज्यांच्या घरी एकेकाळी पंपाचा स्टो होता त्यांना चटकन समजते. स्टो पेटवताना आधी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरभोवती जाळून बर्नर तापवावा लागे, आणि मगच हवा भरायची. कारण रॉकेल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. घाईने आधीच पंप मारला की निळ्या ज्योतीऐवजी पिवळा भडका उडे आणि स्वयंपाकघराच्या छताला काजळी धरे. माझे इंजिनही रॉकेलवरच चालते आणि त्यात तोच काकडा आहे, फक्त त्याची जागा गॅसने घेतली आहे.

पुढच्या बाजूची छोटी विजेची मोटर प्रथम कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा पंखा, फिरवून आत हवा ढकलते, ग्लो प्लग, म्हणजे गॅस पेटवणारी विजेची तार, तापतो आणि छोट्या डब्यातला प्रोपेन-ब्युटेनचा गॅस आत सोडला जातो. तो पेटला की मागच्या टोकाचे तापमान चढू लागते, आणि त्या ज्योतीने कंबशन चेंबरमधल्या, म्हणजे इंधन जळते त्या पोकळीतल्या, बारीक नळ्या तापतात. या नळ्यांतच रॉकेलची वाफ होते, त्यामुळे त्या पुरेशा तापल्याशिवाय नियंत्रक संगणक, ज्याला आम्ही ईसीयू म्हणतो, इंधनाचा पंप सुरू करत नाही. त्यानंतर इंधन थेंबाथेंबाने वाढत जाते, गॅस बंद होतो, आणि टर्बाइन स्वतःच्या बळावर वेग राखू शकेपर्यंत मोटर त्याला हात देत राहते. मग मोटर सुटते आणि इंजिन मिनिटाला साधारण ३३ ते ३५ हजार फेऱ्यांच्या आयडल, म्हणजे सर्वांत कमी चालत्या, वेगावर स्थिरावते. पूर्ण वेग लाखाच्या पुढे जातो. हल्ली गॅसशिवाय थेट रॉकेलवर पेटणारी इंजिने मिळतात आणि ती अर्ध्या मिनिटात तयार होतात, परंतु तिथेही आधी तापवणे चुकत नाही. तापवणारी ज्योत तेवढी रॉकेलचीच असते.

पुण्याची हवा यात थोडी लुडबुड करते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी असतो, म्हणजे प्रत्येक फेरीत आत येणारी हवाही तितकी कमी. थंडीतल्या सकाळी वेगळीच अडचण येते: ब्युटेन शून्याच्या जरासे खालीच उकळत असल्याने दहा अंशांच्या गारठ्यात डब्यातला दाब मंदावतो आणि गॅस रडतखडत येतो. डिसेंबरात मी गॅसचा डबा स्वेटरच्या आत घेऊन फिरतो, आणि त्यावर होणारे विनोद ऐकून घेतो.

आता घाईविषयी. एकदा स्टार्टरची बॅटरी पुरती चार्ज नसताना मी सुरुवात केली. मोटर दमली, हवा कमी पडली, तापमान मर्यादेबाहेर जाताच ईसीयूने इंधन तोडले. तिथे थांबायला हवे होते. विमानाचे नाक वर करून आत साचलेले रॉकेल शेपटीकडून निथळू द्यायचे असते. बघ्यांसमोर ओशाळून मी ते टाळले आणि पुन्हा आज्ञा दिली. शेपटीतून हातभर ज्वाळा आली. सुदैवाने माझा सोबती कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेऊन शेजारीच उभा होता (पावडरीचा चालत नाही, ती आत गेली की इंजिन कामातून जाते). साचलेल्या इंधनाने याहून मोठ्यांनाही घाबरवले आहे: १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांच्या पहिल्या जेट इंजिनाच्या चाचणीत इंधन बंद केल्यावरही वेग वाढतच गेला, कारण गळून आत साचलेले इंधन जळत होते. म्हणूनच सेटिंग बदलून पाच सेकंद वाचवल्याचे कोणी कौतुकाने सांगितले की मी त्याला आधी तापमानाचा आकडा विचारतो. सुरू होताना क्षणभर चढलेले तापमान उतरून स्थिर झाले, तरच मी इंजिन सुरू झाले असे मानतो.

बंद करतानाचा वेळ कोणीच विचारत नाही, आणि तो बहुधा जास्तच असतो. इंधन तोडल्यावर मागच्या तापलेल्या धातूची उष्णता बेअरिंगकडे पसरू लागते, म्हणून मोटर थांबूनथांबून कॉम्प्रेसर फिरवत आत गार हवा ओढत राहते. तापमानाचा आकडा शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत हे चालते, आणि तोवर बॅटरी काढायची नसते.