गावच्या सैनिकांचं स्मारक: आधी नावं, मग दगड

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि ब्रिटिश सरकारने त्यांच्यासाठी गावात स्मृतिस्तंभ उभारला. शिरोळ तालुक्यातली टाकळी तर 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखली जाते. ही नावाजलेली गावं झाली. पण महाराष्ट्रात अशी इतरही गावं आहेत, जिथे चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवराची हातभर पाटी बसवलेली असते. मजकूर दोन ओळींचा: या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. नाव एकही नाही.

बसऱ्याच्या स्मारकाचंही तेच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं तिथे आहेत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा दिलाय. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

म्हणून गावात स्मारक करायचं ठरलं की माझं पहिलं सांगणं एकच असतं: कारागीर शोधायच्या आधी यादी करा. यादी पक्की असेल तर साधा फळाही स्मारक होतो. यादी कच्ची असेल तर दोन लाखांचा ग्रॅनाइटसुद्धा चुकाच जपून ठेवतो.

यादीची सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करायची. डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारं पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) मिळाला तर नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख सगळं एका जागी सापडतं. कागद वाळवीने खाल्ले असतील तर पदकं बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदणीसारख्या स्टारवर तीच माहिती मागच्या बाजूला असते. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवरही नाव असतं. कोणतं पदक आहे त्यावरून लढाई कळते: १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार.

पदक वाचायची एक रीत आहे आणि ती पाळावी. चिंच, राख, ब्रासो, काही लावू नका. कडेवरची अक्षरं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असतात, आणि दर दिवाळीला घासून घासून ती आधीच झिजलेली असतात. पदक मऊ कापडावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा. अक्षरांच्या सावल्या उठतात. पदक थोडं थोडं फिरवत कडेचे सात-आठ फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतलं एखादं अक्षर आलं पाहिजे. तरीही उमगलं नाही तर कडेवर पातळ कागद गुंडाळून मऊ शिसपेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा. नुसता नंबर टिपून भागत नाही. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे, एकच नंबर दोन पलटणींत सापडतो. नंबर आणि पलटण ही जोडीच लिहायची.

दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांसाठी कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली शिपायांची बरीच नावं तिथे आहेत, आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. अडचण येते ती इंग्रजी स्पेलिंगची. भरतीच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे शिंदेचा सिंदे होतो, जाधवचा जाधाओ. आडनावाने सापडलं नाही तर पलटण आणि जिल्हा टाकून सगळी यादी डोळ्यांखालून घाला. जिल्हा मात्र तेव्हाचा टाका. आजच्या सांगलीतलं गाव बहुधा साताऱ्यात सापडेल, कारण दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० मध्ये आलं. सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरीत बघा, रायगडातली कुलाब्यात. दोन्ही बदल १९८१ चे. भोर, औंध, कोल्हापूर, सांगली अशा संस्थानांतली माणसं संस्थानाच्या नावावर असू शकतात.

तारखांमुळेही घोळ होतो. कमिशन पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतं. त्यामुळे १९२० मध्ये आजाराने गेलेला शिपाईही त्यात येतो. घरचे सांगतात 'बसऱ्यात गोळी लागली' आणि नोंदीत निघतो इन्फ्लुएंझा किंवा कैदेतला मृत्यू. मेसोपोटेमियातल्या कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत मेलेले फार. अशा वेळी घरच्यांची गोष्ट खोटी ठरवायला जाऊ नका. दगडावर पलटण, मुलूख आणि साल लिहा. मृत्यूचं कारण लिहायची गरज नसते.

कोकणातल्या गावांनी आणखी एक ठिकाण बघावं. जहाजांवरच्या खलाशांना गावच्या यादीत बहुतेक वेळा धरतच नाहीत, कारण ते 'लष्करात' नव्हते. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये अशा, समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या, हजारो खलाशांचं स्मारक आहे. ही माणसंही तुमच्या यादीत आली पाहिजेत. पखालवाले भिस्ती, खेचरं हाकणारे, लंगरातले स्वयंपाकी, मजूर तुकड्यांतले हेही आले पाहिजेत. गावचं स्मारक अर्धवट राहतं ते बहुतेक याच कारणाने: पाटलाच्या वाड्यातला सुभेदार आठवतो, वाड्याबाहेरच्या वस्तीतला हमाल आठवत नाही. महारवाड्यातून १९४१ नंतर महार रेजिमेंटमध्ये गेलेल्यांची नावं तर त्या वस्तीत बसल्याशिवाय मिळणारच नाहीत. चावडीत बसून यादी करू नका, प्रत्येक आळीत जाऊन करा.

१९४७ नंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि वीरनारींची नोंद मिळते. शंका उरली तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाड्यांचं नगरला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्र जवळच्या वारसाच्या सहीने गेलं तर उत्तर येण्याची शक्यता जास्त. गावात तलाठ्याकडचा वारसाचा फेरफार बघावा, पण त्यावरची तारीख नोंदीची असते, मृत्यूची नव्हे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून मात्र बापाचं नाव आणि जन्मतारीख छान जुळवता येते.

यादीत कोण येणार याचे नियम ग्रामसभेत ठरवून ठरावातच लिहून घ्या, तेही नावं वाचायच्या आधी. जन्माने गावचा, की राहणारा? मामाकडे वाढलेला, घरजावई, नंतर पुण्या-मुंबईला गेलेला? दोन गावं एकाच माणसावर हक्क सांगत असतील तर नाव दोन्हीकडे असू द्या, कोणाचं काही बिघडत नाही. सर्वांत नाजूक प्रश्न असतो लढाईत गेलेला आणि सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने गेलेला यांचा. सरकारी कागदात हा फरक असतो आणि त्यावर कुटुंबाचे लाभ ठरतात. गावच्या दगडावर तो नको. 'सैन्यसेवेत असताना मृत्यू' असं एकच शीर्षक आणि त्याखाली मृत्यूच्या सालाप्रमाणे नावं लावली की वाद राहत नाही. हुद्द्याप्रमाणे क्रम लावू नये असं मला मनापासून वाटतं. जुने हुद्दे तसेच ठेवा. १९६५ च्या आधीचा जमादार दगडावर जमादारच राहू दे, त्याचा नायब सुभेदार करू नका. सेवा करून परत आलेल्यांचा फलक वेगळा करा. आज सेवेत असलेल्यांची पलटण आणि नेमणूक मात्र कुठेच लिहू नका, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही.

मग दगड. पुतळ्याच्या मागे लागू नका, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि वर्षं जातात. काळ्या ग्रॅनाइटची ४ × ३ फुटांची लादी लहान गावाला पुरते. अक्षर एक इंच उंचीचं ठेवलं तर वेलांटी-उकारासह एका ओळीला पावणेदोन इंच लागतात. शीर्षक आणि समास सोडून तेरा ओळी, दोन रकान्यांत सव्वीस नावं बसतात. त्यांतल्या सहा जागा कोऱ्या सोडा, कारण दहा वर्षांनी कोणाचं तरी राहिलेलं नाव सापडतंच. लेझरचं कोरीवकाम स्वस्त पण वरवरचं असतं. सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून घ्या, रंग उडाला तरी नाव वाचता येतं.

सगळ्यात जास्त चुका होतात टायपिंगमध्ये. तुम्ही युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, दुकानदार तो जुन्या फॉन्टमध्ये उघडतो आणि रफार, जोडाक्षरं, 'ऱ्या' फुटतात. 'सूर्याजी'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मजकूर पीडीएफ करून द्या आणि दगडाला हात लावायच्या आधी मूळ मापाचा कागदी नमुना मागा. दोघांनी तपासा: एकाने कागदपत्रातून अक्षर अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवायचं. नंतर त्या त्या घरच्या माणसाची नावासमोर सही घ्या. देणगीदारांची नावं या दगडावर नकोत, शेजारी छोटी पाटी लावा.

लादी नुसत्या सिमेंटवर चिकटवली की मागून ओल शिरते आणि काही पावसाळ्यांत ती सुटते. मागे काँक्रीट हवं आणि चारही कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिना. लोखंडी स्क्रू गंजून फुगतो, दगडाला तडा देतो. खालची ओळ जमिनीपासून अडीच फुटांवर असू द्या. जागा गावठाणातली आणि रस्त्याच्या रुंदीकरणात न जाणारी निवडा. वडाखाली सावली छान असते, पण पक्ष्यांची विष्ठा दगडावर पडत राहते.

जुनी संगमरवरी पाटी असेल तर ती नव्या दगडाहून मोलाची समजा. तिला ॲसिड लावू नका. संगमरवर हा चुनाच आहे, ॲसिडने विरघळतो आणि अक्षरांच्या कडा जातात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षरांत ऑइलपेंट भरू नका. चावडी पाडायची वेळ आली तर छिन्नीने पाटी उचकटू नका, चहूबाजूंनी वीतभर अंतर सोडून भिंतच कापा आणि तो तुकडा अख्खा बाहेर काढा.

अनावरणाला दगडावर राष्ट्रध्वज झाकू नका, ध्वजसंहितेत ते चालत नाही. साधं पांढरं कापड घ्या. गावाने स्वतःच्या मनाने ध्वज अर्ध्यावर उतरवणंही नियमात बसत नाही. कार्यक्रमात वीरनारीला मंचावर ताटकळत उभं करून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा पहिल्या रांगेत खुर्ची द्या आणि भाषणांआधी नावांचं वाचन ठेवा. वाचन शाळेच्या मुलांकडे द्यावं, पण बसरा, केरेन, कॅसिनो, सेला, हिली ही रणांगणांची नावं त्यांच्याकडून आठवडाभर आधी घोकून घ्या. वीस नावांना तीनेक मिनिटं लागतात.

शेवटी नोंदवही. प्रत्येक नावाला एक पान, त्यावर पदकाचे आणि कागदांचे फोटो, माहिती कोणी सांगितली आणि कधी सांगितली. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात. दगडाची पीडीएफ आणि फॉन्टचं नावही त्याच वहीत ठेवा, म्हणजे पुढचं नाव कोरताना अक्षर जुळेल.