बाकी राहू दे

घरात लग्न नाहीतर बारसं झालं की आमच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही बाहेर निघते. कुणी काय आहेर केला ते तिच्यात लिहून ठेवतात. पुण्यातले मित्र, भाच्या, मुलाच्या ऑफिसातली मंडळी, सगळे मला एकच विचारतात: "काका, माणुसकीत कसला हिशोब ठेवता? दिलं ते दिलं, विसरून जावं." तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. कारण असा एक हिशोब मी एकदा चुकता केला होता, आणि तो मला फार महागात पडला.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात. पाऊस उदंड, पीक भाताचं. तरवा, म्हणजे भाताचं रोप, वाफ्यात टाकला की तीनेक आठवड्यांत तो लावणीला येतो, आणि एकदा आला की थांबत नाही. उशीर झाला की रोप जून होतं, फुटवे कमी येतात, उतारा घटतो. म्हणजे चिखल झालेला, पाणी भरलेलं, तरवा तयार, आणि चार-दोन दिवसांत सगळं रान लावून व्हायला हवं. एका घरात एवढे हात कुठले? म्हणून पैरा. आज सगळ्यांनी मिळून माझं रान लावायचं, उद्या तुझं, परवा तिचं. पैसे नाहीत. दिवसाला दिवस. ज्याचा तरवा आधी तयार, त्याचा नंबर आधी. कुठं याला सावड म्हणतात, कुठं वारंगुळा. इर्जिकही याच कुळातलं, त्यात एका दिवसासाठी गावची औतं एकाच्या रानात उतरतात आणि रानाचा मालक सगळ्यांना जेवू घालतो.

माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. पैऱ्याचा हिशोब ती चुलीमागच्या भिंतीवर ठेवायची. प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि एक दिवस म्हणजे कोळशाची एक उभी रेघ. पैरा फेडला की ओल्या बोटानं रेघ पुसायची. पण मी लहानपणापासून बघत आलो, भिंत कधीच पूर्ण कोरी झाली नाही. कुणाच्या ना कुणाच्या नावावर एखादी रेघ असायचीच.

आणि सगळे दिवस सारखे नसायचे, हे तर मला फार उशिरा कळलं. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, एकटी. तिला वाकून लावण करणं शक्य नव्हतं. पण तिचंही अर्धा एकर रान होतं, आणि तेही पैऱ्यातच लागायचं. ती काय करायची? बाया चिखलात असताना त्यांची तान्ही पोरं सांभाळायची. बांधावर इरल्याखाली बसून एकाला मांडीवर, एकाला पाठीशी. तिचा तो दिवस पुरा दिवस धरायचे. कुणी तसा ठराव केला नव्हता. मजुरीच्या भावानं बघायला गेलं तर तो अर्धाही भरला नसता, पण तिला कुणी उपकाराखाली दबून बसू दिलं नाही. ती दुसऱ्याच्या रानात ताठ मानेनं यायची आणि स्वतःच्या रानात बायांना हक्कानं हाका मारायची.

आता माझी चूक. वडिलांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी आमच्या घरातून लावणीला जाणारं कुणी उरलं नाही. आई त्यांच्या उशाशी, मी पुण्यात नोकरीला. शेजारची काकी दोन्ही सुनांना घेऊन आली आणि आमचं रान लावून गेली. गणपतीला मी गावी गेलो तेव्हा भिंतीवर काकीच्या जागेला अकरा रेघा होत्या. आम्ही त्या फेडणार कशा, या विचारानं मला झोप लागली नाही. सकाळी मजुरीचा चालू भाव विचारला, अकरानं गुणलं, पाकिटात घालून काकीच्या हातात दिलं. घरी येऊन आपल्या हातानं रेघा पुसल्या. मला हलकं वाटलं होतं, खरंच सांगतो.

काकीनं पाकीट देवापुढं ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे आता आपलं काय ऱ्हायलं न्हाई म्हण की." मला वाटलं, पैसे पोचले एवढंच ती सांगतेय.

त्या दिवाळीत तिच्याकडनं फराळाचं ताट आलं नाही. उन्हाळ्यात पापड लाटायला आईला बोलावणं नाही. दारावरनं जाताना काकी बोलायची, पण उंबऱ्याच्या आत यायची नाही. आईला सगळा प्रकार कळायला वेळ लागला, कारण पाकिटाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. कळल्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "जा, काकीकडनं इरजण घिऊन ये." मी म्हटलं, घरात दही आहे की. "असू दे. तू जा."

गेलो. काकी माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली. पितळेच्या लहान वाटीत चमचाभर दही घेऊन आली आणि म्हणाली, "बुडाला धर, सांडशील." दुसऱ्या दिवशी आईनं ती वाटी शेंगा भरून परत पाठवली. आठवड्यानं ती वाटी लोणचं घेऊन आमच्याकडे आली.

आपली भाषा हे केव्हाचं जाणते. ज्याच्याशी संबंध तुटला त्याच्याविषयी आपण म्हणतो, "माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही." मी काकीशी नेमकं तेच केलं होतं. आमच्या वहीत एकावन्न रुपये आलेल्या घरी आम्ही एकशेएक घेऊन जातो, मग त्यांच्याकडनं थोडं चढं येतं. बरोबरी कधी साधत नाही, साधायचीही नसते. पाकिटावर चिकटवलेला तो रुपया आई कधी विसरू द्यायची नाही. म्हणायची, वरचा रुपया पुढच्या भेटीचा.

"आपली उपस्थिती हाच आहेर" असं पत्रिकेवर छापतात, त्यामागची भावना मला मान्य आहे. ज्याचा हात आखडता आहे त्यानं ओशाळून लग्नाला न यावं, असं कुणालाच वाटत नाही. पण मग त्याला दुसरं काही देऊ द्या. वाढपाला उभा राहू दे, पाहुण्यांना उतरवून घेऊ दे. फक्त घेत राहण्याची पाळी आली की माणूस आतून खचतो. वडिलांच्या त्या आजारपणात मी ते पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. जुनं सगळंच देणंघेणं असं नव्हतं. आमच्या आजोबांच्या वह्यांत बलुत्याच्या नोंदी आहेत, कुणाला खळ्यावर किती दिलं त्याच्या. गावगाड्याचं कौतुक करताना आपण त्यालाही परस्परांचा आधार म्हणून मोकळे होतो. पण त्या वह्या फक्त आमच्या घरात होत्या. ज्याला रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावावं लागे, मेलेलं ढोर ओढावं लागे, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याच्या कष्टाची रेघ कुठल्याच भिंतीवर नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या पिढीजात सक्तीच्या चाकरीविरुद्ध, म्हणजे महार वतनाविरुद्ध, विधेयक मांडलं. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. पैऱ्यात रेघा दोन्ही घरांच्या भिंतींवर असतात. ज्याला 'यंदा जमणार नाही' म्हणता येतं, त्याच्याशीच देवाणघेवाण होते. बाकीच्याला वेठच म्हणायचं.

गावात आता पैरा कमी झाला. चिखलणीला पॉवर टिलर आला, पोरं पुण्या-मुंबईला गेली, बरंचसं रान उसाखाली गेलं. चुलीमागची ती भिंतही नवं घर बांधताना पडली.

गेल्या वर्षी आई गेली. दिवसकार्य आटपल्यावर आम्ही फडताळ आवरत होतो, तेव्हा मागच्या बाजूला काकीची पितळी वाटी सापडली. या खेपेला ती आमच्याकडेच राहून गेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, घासून देऊन येतो."

मी म्हटलं, "राहू दे. लोणचं मुरलं की मी जाईन."