आज एका मुलाखतीला नकार दिला

एका मोठ्या सल्लागार कंपनीच्या अंतिम मुलाखतीला येणार नाही, असे आज दुपारी कळवले. ईमेल चार ओळींचा होता, पण तो पाठवायला तासभर लागला, कारण वर्गाच्या ग्रुपवर कुणाला किती पॅकेज मिळाले याची अभिनंदने चालू होती आणि प्रत्येक संदेशानंतर मी लिहिलेले पुसत होतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत, रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, इतर सगळे चुकीचे उत्तर देतात म्हणून सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला होता. वर्गात हे शिकताना ते इतरांविषयी आहे असे वाटले होते.

सल्लागाराचे काम मी कमी लेखत नाही. ज्यांना ते मनापासून हवे आहे, त्यांनी ते जरूर करावे. मला मात्र इंटर्नशिपमध्ये स्लाइड्स बनवताना सतत घड्याळाकडे जाणारी नजर आठवते, आणि एका छोट्या संस्थेला शाळांच्या खर्चाचा ताळेबंद मांडून देताना रात्रीचे दहा कधी वाजले ते कळलेही नव्हते. पगार जवळपास निम्मा आहे, शैक्षणिक कर्ज फिटायला तीन वर्षे जास्त लागतील, हा हिशेब मी तीनदा तपासला आहे. संध्याकाळी त्या संस्थेला होकार कळवला. सोमवारी रुजू होतो आहे.