मलीन लेकवर तीन दिवस: अंतर मोजू नका, वारा ओळखा

सकाळी सहाला कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट उघडी होडी, पाण्यात ढकलली तेव्हा मलीन लेकच्या होम बेमध्ये, जिथून बोटी निघतात त्या खाडीत, पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्यावरून ओघळणारा एकेक थेंब ऐकू येत होता. मी पुढे, मावसबहीण मागे. कनू तिचीच, ती कॅनडातच राहते. पहिला अर्धा तास आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या जॅस्पर गावापासून मलीन लेक सुमारे 48 किलोमीटरवर आहे आणि रस्ता तिथेच संपतो. वाटेत मेडिसिन लेक लागतं. तिथे थांबाच. त्याचं पाणी तळातल्या भेगांतून जमिनीखाली उतरतं आणि खाली मलीन कॅनियन या खोल घळीत पुन्हा वर येतं. शरद ऋतूत हे तळं जवळजवळ आटतं.

मलीन लेक सुमारे 22 किलोमीटर लांब आहे आणि अरुंद. या तळ्याच्या फोटोंत नेहमी दिसतं ते स्पिरिट आयलंड होम बेपासून 14 किलोमीटरवर. त्याच्या किलोमीटरभर अलीकडे फिशरमन्स बेचा कॅम्प, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, 21 किलोमीटरवर, कोरोनेट क्रीकचा. दोन्हीकडे फक्त पाण्यातूनच पोहोचता येतं. जागा मोजक्या आहेत, म्हणून आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी करा. आम्ही दोन रात्री फिशरमन्स बेला काढल्या आणि हाच बेत मी सुचवेन, कारण मग स्पिरिट आयलंड पहाटे, टूरच्या बोटी यायच्या आत बघता येतं.

दुसऱ्या दिवशी तसंच गेलो. डोंगर पाण्यात उलटे उतरलेले, मध्ये झाडांची ती छोटीशी चिंचोळी जागा. खरं तर हे पूर्ण बेट नाही. पाणी वर चढलं तरच ते किनाऱ्यापासून सुटतं. इथल्या मूळच्या स्टोनी नाकोडा लोकांसाठी ती पवित्र जागा आहे, बेटावर पाय ठेवायचा नाही, समोरच्या धक्क्यावरून बघायचं. ते या तळ्याला ‘चाबा इम्ने’ म्हणत, म्हणजे बीव्हर लेक. त्यांच्यातल्या सॅमसन बीव्हर यांनी लहानपणीच्या आठवणीवरून काढलेल्या नकाशाच्या आधारे प्रवासी-शोधक मेरी शेफर 1908 मध्ये इथे पोहोचल्या आणि तराफ्यावरून हे तळं फिरल्या. त्या नकाशाचा विचार मनात घेऊन मी बराच वेळ तिथे बसून राहिले. ओंजळीत पाणी घेतलं तर ते साधंच दिसतं. हिरवा-निळा रंग येतो तो हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या बारीक भुकटीवर उजेड पसरतो म्हणून.

आता परतीचं. तिसऱ्या दिवशी आवराआवरीत अकरा वाजले आणि ती आमची चूक होती. दुपारी वारा उठला, आडवा. बघता बघता लाटांवर पांढरा फेस, आणि एक लाट थेट कनूत आली. दोघीही लगेच गुडघ्यांवर बसलो, त्यामुळे तोल सावरला. टोक लाटांकडे तिरपं धरून कसंबसं किनाऱ्याला लागलो. माझी स्लीपिंग बॅग साध्या सॅकमध्ये होती, चिंब भिजली. मग वारा पडेपर्यंत, संध्याकाळी सातपर्यंत, तिथेच बसलो. जुलैत उजेड रात्री साडेनऊनंतरही असतो, म्हणून निभावलं.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीनं सांगते: अकरापर्यंत दिवसाचं वल्हवणं संपवा आणि सतत किनाऱ्याच्या जवळ राहा. भाड्याची बोट घेणार असाल तर काउंटर किती वाजता उघडतो ते धरूनच पल्ला ठरवा. पाणी भर उन्हाळ्यातही गोठवणारं असतं. त्यासाठी 1-10-1 लक्षात ठेवायचं: पडल्यावर 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, हातपाय नीट चालतात अशी जेमतेम 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. पहिल्या मिनिटात जीव वाचवतं ते अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट, बोटीत ठेवलेलं नाही. सोबत शिट्टी, पाणी उपसायला डबा आणि 15 मीटरची तरंगणारी दोरी घ्या. तळ्यावर मोबाईलला रेंज नाही, सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम. कपडे आणि स्लीपिंग बॅग ड्राय बॅगमध्येच, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. अन्न कॅम्पवरच्या लोखंडी पेटीत, तंबूत कधीच नाही. अस्वलांचा मुलूख आहे.

पॅडलबोर्डवाल्यांनी, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्यांनी, होम बेच्या आसपासच फिरावं, लीश (फळीला जोडून ठेवणारी दोरी) बांधून. कयाक, म्हणजे वरून झाकलेली अरुंद होडी, लांब पल्ल्याला सगळ्यात सोयीची, वाऱ्यात कमी भरकटते. सामान जास्त असेल तर मात्र कनूच.

आणि स्वतःची बोट आणत असाल तर आधीच्या पाण्याचा एक थेंब, चिखलाचा एक कण तिच्यावर राहू देऊ नका. धुवा, पाणी काढा, पूर्ण वाळवा. शेजारच्या बॅन्फमधल्या जॉन्सन लेकमध्ये 2016 मध्ये पाणी-चिखलातून पसरणारा माशांचा व्हर्लिंग रोग सापडला, कॅनडातला पहिलाच. परवान्याचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या. आम्ही कनू दोनदा धुतली, आणि बहिणीनं तिची दोरीसुद्धा उन्हात वाळवली.