तुम्ही विचारलंत म्हणून: पोलंडची लीग कोण बघतं?

सुट्टीवर कोल्हापूरला आलो की पहिले दोन दिवस तब्येत, पगार आणि लग्न या विषयांत जातात. तिसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमच्या बाहेर चहा पिताना हा प्रश्न येतोच. "युरोपात राहतोस, मजा आहे भावा. कुणाची मॅच बघतोस तिकडं? बार्सिलोना का लिव्हरपूल?" मी सांगतो, पोलंडची फुटबॉल लीग बघतो. श्लोंस्क व्रोत्सवाफ. समोरचा एकदा माझ्याकडे बघतो, एकदा हातातल्या चहाकडे. "पोलंडची? ती कोण बघतंय रे?"

तुम्हीही हेच विचारलंत, आणि "आवडते म्हणून" एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. तेव्हा एकदा नीट सांगतो. त्यासाठी एकच हंगाम पुरेसा आहे, २०२३-२४चा.

आधी नावांचं बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पोलिश लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. नकाशात रोक्लॉ वाटतं ते व्रोत्सवाफ, मी राहतो ते शहर. श्लोंस्क म्हणजे सायलीशिया, तो सगळा प्रांत, आणि तेच आमच्या टीमचं नाव. बियालिस्टॉक वाटतं ते ब्याविस्तोक, बेलारूसच्या सीमेजवळचं गाव. तिथल्या टीमचं नाव यागिएलोनिया, पण सगळे नुसतं 'यागा' म्हणतात. आणि पोझ्नान शहरात वार्ता नावाची एक टीम आहे. वार्ता ही तिथली नदी. मराठी माणसाला हे नाव पाठ करावं लागत नाही.

मी श्लोंस्कचा झालो त्यात निवड वगैरे काही नव्हती. नोकरीसाठी आलो, पहिला हिवाळा अंगावर आला, दुपारी चारला अंधार. ऑफिसातला एक जण म्हणाला, रविवारी मॅचला चल. ट्रामने गेलो. २०१२च्या युरो स्पर्धेसाठी बांधलेलं स्टेडियम, चाळीस हजारांच्या वर माणूस मावेल एवढं, रात्री बाहेरून आकाशकंदिलासारखं पेटलेलं. आणि आत त्या दिवशी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. खेळ बघवत नव्हता. शेजारचे आजोबा खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून दातांनी फोडत होते, टरफलं पायाशी टाकत होते आणि आपल्याच डाव्या बॅकला पंचेचाळीस मिनिटं न थांबता शिव्या घालत होते. मला एकही शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं. बियांच्या जागी शेंगा ठेवा, पाटाकडील-दिलबहार या आपल्या कोल्हापूरच्या तालमींची मॅच झाली. पेठेतल्या माणसाला आपली टीम चांगली आहे म्हणून आपली वाटत नाही. ती आपली असते, आणि म्हणून तिच्यावर चिडायचा हक्क असतो. टीव्हीवरच्या लिव्हरपूलवर असं चिडता येत नाही. त्यांना काय फरक पडतो?

आता तो हंगाम. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, श्लोंस्क अठरा टीमच्या लीगमध्ये पंधरावी आली होती. खालच्या तीन टीम लीगबाहेर जातात. आम्ही एका गुणाने वाचलो. यागा आमच्या एकच पायरी वर, चौदावी. त्या एप्रिलमध्ये घाबरून दोघांनीही कोच बदलले होते. आमच्याकडे यात्सेक माग्येरा परत आले, आणि यागाने आद्रियान शेम्येनेत्स नावाच्या एकतीस वर्षांच्या पोराच्या हातात टीम दिली. दोघांकडून अपेक्षा एकच होती: बुडू नका म्हणजे झालं.

आणि पुढच्या हंगामात विजेतेपदासाठी शेवटच्या दिवसापर्यंत भांडल्या त्या याच दोन टीम. पंधरावी आणि चौदावी.

हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे एरिक एक्सपोसितो होता, तेनेरिफेचा उंचापुरा स्पॅनिश. आधीची काही वर्षं 'आहे बापडा' अशा गटातला. त्या वर्षी त्याचा पाय लागेल तो बॉल आत जायला लागला. एकोणीस गोल, लीगमध्ये सर्वांत जास्त. माग्येरांची पद्धत साधी: मागे घट्ट बसायचं, घाई करायची नाही, एक गोल काढायचा आणि तो जपायचा. बघायला फार देखणं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मात्र लेगिया वॉर्सा आमच्याकडे आली. राजधानीची टीम, सर्वांत श्रीमंत, सर्वांत जास्त विजेतेपदं, आणि बाकी सगळ्या देशाला नकोशी. तिला आम्ही ४-० हरवलं. त्या रात्री स्टेडियम भरलेलं होतं. परतीच्या ट्राममध्ये एका अनोळखी माणसाने मला मिठी मारली, आणि त्याला दारूचा वास येत नव्हता हे मुद्दाम नोंदवतो.

सगळ्याच रात्री अशा नव्हत्या. कुठल्याशा एका गावी ट्राममध्ये काही पोरांनी माझ्या रंगावरून जे म्हटलं तेही मला कळलं होतं. तोपर्यंत मी भाषा शिकलो होतो. दोन स्टॉप आधी उतरलो आणि चालत गेलो. "तिकडं त्रास होत नाही ना?" असंही तुम्ही विचारता, म्हणून हे लिहिलं. नाहीतर सोडून दिलं असतं.

डिसेंबरात थंडीसाठी लीग थांबते ती थेट फेब्रुवारीत सुरू होते. थांबली तेव्हा आम्ही पहिले होतो. शहरात लोकांनी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. श्लोंस्क याआधी दोनदाच विजेती झाली आहे, १९७७ आणि २०१२. मोठ्याने बोललं तर नजर लागेल असं पोलिश माणसालाही वाटतं.

नजर लागलीच. फेब्रुवारीपासून आमचे गोल आटले. पण गंमत अशी की दुसरं कोणी पुढे जाईना. राकूफ आदल्या वर्षीची विजेती, ती सातवी आली. लेगिया धडपडत तिसरी. पोझ्नानची दुसरी टीम, तिचं नावच 'लेख', ती तर घरंगळतच गेली. यागा सर्वांत देखणी खेळत होती, सत्त्याहत्तर गोल मारले त्यांनी, आम्ही पन्नास. हेसूस इमास, पुलुलु, मध्ये कॅप्टन तारास रोमानचुक, युक्रेनमध्ये जन्मलेला आणि पुढे पोलंडकडून खेळलेला. पण तीही हातातल्या मॅच सांडत होती. माझा सहकारी म्हणायचा, "आमच्या देशात विजेतेपद कुणालाच नको असतं, शेवटी कुणाच्या तरी गळ्यात घालतात." पोलिश माणूस आपल्या लीगची जेवढी टर उडवतो तेवढी बाहेरचा उडवूच शकत नाही. खरं सांगायचं तर टर उडवण्यासारखं आहेच. त्या वर्षी चौतीस सामन्यांत विजेत्यांचे गुण होते त्रेसष्ट. आदल्या वर्षी राकूफने पंचाहत्तर घेतले होते. दर्जाचा प्रश्न असेल तर तुमचं बरोबर आहे, इंग्लंडचीच बघा. पण ज्या लीगमध्ये २०१९ला पियास्त ग्लिवित्से, २०२३ला राकूफ आणि २०२४ला आणखी कोणीतरी पहिल्यांदाच विजेतं होतं, तिथे जुलैमध्ये हंगाम सुरू होताना सगळे अठरा जण खोटं न बोलता स्वप्न बघू शकतात. असं फार कमी ठिकाणी उरलंय.

आणि या लीगचे नमुने! लुकास पोदोल्स्की आठवतो ना, जर्मनीकडून वर्ल्ड कप जिंकलेला? तो जन्माने इथला, ग्लिवित्सेचा. म्हातारपणी येऊन गुर्निक झाब्जेकडून खेळत होता, आणि अजूनही पंचाशी भांडत होता. पुश्चा म्हणून एका छोट्या गावची टीम त्या वर्षी पहिल्यांदाच वर आली. स्वतःचं मैदान लीगच्या नियमात बसेना, म्हणून दुसऱ्याच्या मैदानावर क्राकूफमध्ये 'घरच्या' मॅच खेळली, आणि टिकली. पुश्चा म्हणजे घनदाट जंगल.

शेवटचा दिवस, २५ मे २०२४. नऊच्या नऊ मॅच एकाच वेळी. दोघांचे गुण सारखे, साठ-साठ. इथे गुण सारखे झाले की गोलफरक बघत नाहीत, दोघांमधल्या सामन्यांचा हिशोब बघतात, आणि तो यागाच्या बाजूने होता. (गोलफरक बघितला असता तरी तीच पुढे होती, तेव्हा नियमाला दोष देता येत नाही. मी देऊन बघितला.) म्हणजे आम्ही राकूफच्या गावी, चेंस्तोहोवाला, जाऊन तिला हरवायचं, आणि ब्याविस्तोकमध्ये वार्ताने यागाला अडवायचं. वार्तालाही गरज होती, ती बुडायच्या बेतात होती. त्यामुळे त्या दिवशी सगळं व्रोत्सवाफ वार्ताच्या बाजूने.

बारमध्ये दोन पडदे. एकावर आमची मॅच, दुसऱ्यावर त्यांची. थोड्या वेळात सगळ्यांच्या माना दुसऱ्या पडद्याकडे वळल्या आणि आणखी थोड्या वेळाने कोणीच तिकडे बघेना. यागा तीन, वार्ता शून्य. आम्ही जिंकलो, त्याचं कोणाला काही नव्हतं. कोल्हापूरच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं, "वार्ता वाईट आहे." कोणाला काही कळलं नाही. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं, त्याला वाटलं कोणी गेलं.

गेली ती वार्ताच. त्याच दिवशी पोझ्नानमध्ये लेख आपल्या घरी कोरोना क्येल्त्सेकडून हरली, कोरोना एका गुणाने वाचली आणि वार्ता खाली गेली. शेजाऱ्यानेच बुडवलं. पेठेत असं झालं असतं तर दहा वर्षं बोलणं बंद राहिलं असतं.

त्या उन्हाळ्यात, ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांचं गाव तरी बघून यावं म्हणून मी ब्याविस्तोकला गेलो. देश आडवा ओलांडायचा, दिवस रेल्वेत जातो. गाव पिवळ्या-लाल झेंड्यांनी अजून भरलेलं होतं. शंभर वर्षांहून जुना क्लब, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं दुसरा आलेला, त्याचं हे पहिलंच विजेतेपद. एस्पेरांतो भाषा काढणारा झामेनहोफ याच गावचा. तिथेच सायबेरियाच्या आठवणींचं संग्रहालय आहे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने या पूर्वेच्या भागांतून माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली, त्यांचं.

तिथे उभा असताना मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं, म्हणजे आताचं गांधीनगर. लहानपणी गांधीनगरला कापड घ्यायला जायचो, तेव्हा अण्णा सांगायचे, इथं आधी पोलंडची माणसं राहायची. १९४३ ते १९४८, पाच हजारांच्या आसपास, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी आले. महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मारकाजवळ मी शाळकरी वयात भेळ खाल्ली आहे, वर काय लिहिलंय ते न वाचता. ती माणसं पोलंडच्या पूर्वेकडची. तो पूर्वेचा मोठा भाग युद्धानंतर सोव्हिएतकडेच राहिला, आणि तिकडच्या हजारो पोलिश लोकांना जर्मनांनी रिकाम्या केलेल्या व्रोत्सवाफमध्ये आणून वसवलं. १९४५ पर्यंत हे शहर ब्रेस्लाउ होतं. श्लोंस्क हा क्लब १९४७चा, म्हणजे तेव्हा गावातला जवळपास प्रत्येक जण बाहेरून आलेला. सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या आजोबांना मी एकदा वळिवड्याबद्दल सांगितलं. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची आई ल्वूफची, आताच्या ल्विव्हची, एवढं म्हणाले आणि पुन्हा डाव्या बॅककडे वळले.

मी श्लोंस्कचा झालो तो यामुळे नाही, हे स्पष्ट करतो. हे मला नंतर कळलं. पण कळल्यावर सुटणं आणखी अवघड झालं.

मग पुढे काय झालं, असंही तुम्ही विचारणार. यागा पुढच्या वर्षी कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली, स्पेनच्या रियाल बेटिसकडून हरली. आमचा एक्सपोसितो कतारला निघून गेला. श्लोंस्क जिंकणंच विसरली, नोव्हेंबरमध्ये माग्येरांनाही जावं लागलं, आणि मे २०२५ मध्ये, सारख्या गुणांवर विजेतेपद हुकल्याला जेमतेम वर्ष झालं असताना, आम्ही खाली गेलो.

पोलंडमध्ये सर्वांत वरच्या लीगला एक्स्ट्राक्लासा म्हणतात आणि तिच्या खालच्या लीगला पहिली लीग. नाव कोणी ठेवलं असेल ते असो. त्या रात्री अण्णांचा फोन आला. ते पाटाकडीलचे जुने, निकाल विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

"काय झालं रे तुमच्या टीमचं?"

"पुढच्या वर्षी पहिल्या लीगमध्ये खेळणार."

"पहिल्या? अरे वा! म्हटलं नव्हतं, दम काढ म्हणून? पेढे आण येताना."

मी हो म्हटलं.