थेम्सकाठचं लाकडी स्टँड

पटनी ब्रिज स्टेशनवर उतरलो आणि पांढरे मफलर गुंडाळलेल्या गर्दीमागे निघालो. बिशप्स पार्कमधून जाताना डाव्या हाताला थेम्स आणि डोक्यावर जुन्या झाडांची सावली. सामन्याला जाण्याची इतकी सुंदर वाट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

स्टीव्हनेज रोडवर एका बाजूला बैठी, चिकटून बांधलेली घरं आहेत आणि समोर तशाच लाल विटांची लांबलचक भिंत. ही भिंत म्हणजेच लंडनच्या फुलहॅम फुटबॉल क्लबचं मैदान, क्रेव्हन कॉटेज! नाव इथल्या जुन्या कॉटेजवरून पडलं. लॉर्ड क्रेव्हन यांनी 1780 मध्ये बांधलेलं ते घर 1888 मध्ये आगीत गेलं. फुलहॅम इथं 1896 पासून खेळतंय.

लाल विटांचं हे स्टँड 1905 मधलं. ते बांधणारे आर्किबाल्ड लीच ग्लासगोचे. त्यांनीच आखलेल्या आयब्रॉक्स मैदानावर 1902 मध्ये लाकडी गॅलरी खचून 25 माणसं गेली होती. एवढा घाव सोसलेला माणूस तीनच वर्षांत हे उभं करतो आणि ते अजून वापरात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1987 पासून त्याला वारसा वास्तू म्हणून कायद्याचं संरक्षण आहे.

आज त्याला जॉनी हेन्स यांचं नाव आहे. 658 सामने ते फुलहॅमसाठी खेळले. 1961 मध्ये खेळाडूंच्या पगारावरची 20 पौंडांची मर्यादा उठली आणि आठवड्याला 100 पौंड मिळवणारे ते पहिले ठरले. बाहेर त्यांचा पुतळा आहे, पायाखाली चेंडू.

आत माझी खुर्ची लाकडी होती. वर्षानुवर्षं लोक बसून कडा गुळगुळीत झालेल्या, वर रंगाचे थरावर थर. डाव्या कोपऱ्यात लीच यांनीच बांधलेलं छोटं कॉटेज. दोन्ही संघ त्यातूनच मैदानात येतात आणि वरच्या सज्ज्यात खेळाडूंच्या घरची मंडळी बसतात. समोरचं नदीकाठचं स्टँड मात्र नवंकोरं.

माझ्यापुढेच लोखंडी खांब होता. शेजारच्या आजोबांची मान चेंडूबरोबर खांबाच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकायची, अगदी सहज. मध्यंतरानंतर पाहतो तर माझीही मान तशीच हलत होती.